माथ्यावरचा दगड: कॅपस्टोन ओळखावा कसा, बसवावा कसा आणि जुन्या वास्तूत वाचावा कसा

नव्या भिंतीवर चार पाऊस पडून गेले की तिच्या माथ्यावर दगड बसवणाऱ्याने काय केलं आणि काय विसरलं, हे लांबूनही कळतं. माथ्याखाली काळे-हिरवे ओघळ उतरले असतील, तर वरचा दगड टोपीसारखा दिसतो पण टोपीचं काम करत नाही. मी बांधून घेतलेल्या पहिल्या भिंतीवर असेच ओघळ आले होते. दगड चांगला होता, सांध्यात भरायचा माल चांगला होता, गवंड्याचा हात तर फारच चांगला होता. दगडाच्या पोटाला बोटभर रुंदीची एक खाच मारायची तेवढी राहून गेली होती. त्या खाचेकडे पुढे येऊच.

कॅपस्टोन म्हणजे रचनेत सगळ्यात वर बसणारा दगड. ही व्याख्या चुकीची नाही, पण कामाच्या वेळी तिचा फारसा उपयोग होत नाही. बांधकामावर भिंतीच्या माथ्यावरच्या दगडांना कोपिंग म्हणतात. पुरातत्त्वात हाच शब्द उभ्या दगडांवर आडव्या टाकलेल्या प्रचंड शिळेसाठी येतो; तिला आपण शिरशिळा म्हणू. पिरॅमिडच्या टोकावरच्या दगडाला पिरॅमिडियन असं वेगळं नाव आहे. भूगर्भशास्त्रज्ञ मऊ खडकावर टिकून राहिलेल्या कठीण थराबद्दल बोलताना हाच शब्द वापरतात, आणि हल्ली अभ्यासक्रमाच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या प्रकल्पालाही कॅपस्टोन म्हणतात. शेवटचे दोन अर्थ इथे बाजूला ठेवू.

## आधी दगड मनातल्या मनात उचलून पाहा

माथ्यावरचा कुठलाही दगड समोर आला की मी एकच प्रश्न विचारतो: हा काढला तर काय होईल? नावापेक्षा हे उत्तर जास्त कामाचं असतं.

कमानीच्या मधोमध बसणारा कळीचा दगड घ्या. तो काढला तर कमान कोसळते. पण खरं पाहिलं तर कमानीतला कुठलाही दगड काढला तरी ती कोसळतेच. कळीच्या दगडाचा मान एवढ्याचसाठी, की तो शेवटी बसतो आणि तो बसल्यावरच खालचं सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधार, काढता येतं. लोक त्याला सर्रास कॅपस्टोन म्हणतात. तो कॅपस्टोन नव्हे. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या दाबात तो चेपलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या वर आणखी बांधकामही असतं.

आता आयर्लंडमधलं न्यूग्रेंज पाहा. इ.स.पू. ३२०० च्या सुमारास बांधलेल्या या थडग्यातल्या मधल्या खोलीवर खरी कमान नाही. दगडांचे थर एकावर एक, प्रत्येक थर थोडा आत सरकवत रचले आहेत. सुमारे ६ मीटर उंचीवर उरलेलं भोक एका शिळेने झाकलं आहे. ती शिळा काढली तर छत लगेच खाली येणार नाही, कारण प्रत्येक थर मागच्या वजनाने दाबून धरलेला आहे. पण पाणी मात्र आत येईल. म्हणजे ते झाकण आहे. खऱ्या घुमटाला तर तेही लागत नाही. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या माथ्यावर सुमारे ९ मीटर व्यासाचं उघडं भोक आहे. त्याच्या कडेचं वर्तुळच दाब झेलतं.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या उभ्या दगडांवरच्या आडव्या शिळांनाही कॅपस्टोन म्हटलं जातं, पण त्यांना लिंटेल, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईसारखा दगड, म्हणणं जास्त बरोबर. खालच्या दगडांच्या डोक्यावर कोरलेल्या खुंट्या या शिळांच्या पोटातल्या खाचांत बसतात, आणि बाहेरच्या वर्तुळातल्या शिळा एकमेकींत जिभेसारख्या अडकतात. सुतारकामातले सांधेच दगडात आणले आहेत. तिथे कोणती खोली झाकलेली नाही की पाणी अडवलेलं नाही.

या प्रश्नाचं सगळ्यात मजेशीर उत्तर गॉथिक चर्चच्या बाहेरच्या आधारांवर मिळतं. त्या आधारखांबांवर टोकदार दगडी शिखरं असतात. शोभेची वाटतात, आणि ती शोभेची आहेतही. पण छताचा रेटा खांबाला बाहेर ढकलत असतो, आणि माथ्यावरचं हे वजन त्या रेट्याला खालच्या दिशेला वळवतं. तेव्हा ‘नुसता दिसायला ठेवलाय’ असा निकाल देण्याआधी त्या दगडाचं वजन कुठे उतरतंय ते पाहावं.

ढोबळमानाने तीन कामं हाती लागतात: पाणी बाहेर ठेवणं, वजनाने खालचं दाबून धरणं, आणि पोकळी झाकणं. एकच दगड दोन-तीन कामं करतो तेव्हा घोळ होतो, आणि तसं बऱ्याचदा होतं.

## भिंतीवर कोपिंग बसवताना

भिंतीला खरा त्रास वरून होतो. बाजूने येणारा पाऊस बराचसा घसरून जातो. माथ्यावर पडलेलं पाणी थांबतं, मुरतं, विटांमधून खाली उतरतं आणि वाळताना सोबत आणलेले क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीसारखे सोडतं. थंड प्रदेशात हेच पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि दगडाचे पापुद्रे काढतं. म्हणून कोपिंगचा सगळा विचार पाण्याच्या वाटेवरून करायचा.

रुंदी. भिंत गिलाव्यासकट मोजा. विटेची भिंत २३० मिमी, दोन्हीकडे १५ मिमी गिलावा, म्हणजे २६० मिमी. दगड दोन्ही बाजूंना निदान ४० ते ५० मिमी बाहेर यायला हवा. ४५ धरले तर ३५० मिमी रुंदीचा दगड लागतो. गिलावा विसरून २३० वर हिशेब केला की ३२० चा दगड येतो आणि बाहेर उरतात फक्त ३० मिमी. एवढ्या पट्टीत खाच मारली की ती भिंतीला लागूनच येते आणि तिचा उपयोग राहत नाही. ही चूक नेहमीची आहे, कारण दगड मागवला जातो तेव्हा गिलावा झालेला नसतो.

जाडी आणि वजन. ५० मिमीपेक्षा पातळ दगड उघड्या माथ्यावर घालू नये. ७५ मिमी असेल तर मन निर्धास्त राहतं. वजन आधीच काढून ठेवा: ९०० × ३५० × ७५ मिमीचा ग्रॅनाइटचा तुकडा ०.०२४ घनमीटरच्या आसपास भरतो, आणि घनमीटरला २,६५० किलो धरले तर सुमारे ६३ किलो होतात. दोन माणसांचं काम. तुकडा लांब असला की सांधे कमी, आणि सांधा म्हणजे पाण्याचं दार. पण उचलणाऱ्यांच्या कमरेचाही हिशेब ठेवावा.

ढाळ. माथा सपाट ठेवू नका. गच्चीच्या कठड्यावर ढाळ गच्चीच्या आत द्या, नाहीतर माथ्यावर साठलेली धूळ दर पावसात दर्शनी भिंतीवरून उतरेल. मोकळ्या कुंपणभिंतीला दोन्हीकडे ढाळ चालतो. दर १०० मिमीला १० मिमी उतार हा माझा किमान आकडा आहे. याहून कमी असेल तर दगडाच्या खरखरीत पृष्ठभागावर पाणी रेंगाळतं.

खाच. आता ती बोटभर रुंदीची खाच. पाणी कडेवरून थेट खाली पडेल असं आपण गृहीत धरतो, पण ते तसं पडत नाही. ते दगडाच्या पोटाला चिकटून आत सरकतं आणि भिंतीला जाऊन भिडतं. पोटाला कडेपासून १० ते १५ मिमी आत, साधारण १० मिमी रुंद आणि ७ ते ८ मिमी खोल अशी सलग खाच असेल तर पाण्याला ती ओलांडता येत नाही. तिथेच थेंब जमतो आणि गळतो. दोन गोष्टी मात्र पाहाव्या लागतात. खाच एका दगडातून दुसऱ्यात सलग जायला हवी. आणि सांधा भरताना माल तिच्यात शिरता कामा नये, कारण मालाने बुजलेल्या जागी पाण्याला पूल मिळतो. सांधा भरला की त्याच क्षणी बोटाने किंवा काडीने खाच साफ करा. दुसऱ्या दिवशी छिन्नी लागते.

ओल अडवणारी पट्टी. दगड कितीही चांगला असो, सांध्यातून थोडं पाणी जाणारच. म्हणून कोपिंगखाली ओल रोखणारी पट्टी अंथरतात, म्हणजे सांध्यातून उतरलेलं पाणी भिंतीत न जाता बाहेर पडतं. पट्टी गिलाव्याच्या आत संपवू नका, ती भिंतीच्या कडेपर्यंत आणा. मात्र हिची एक किंमत आहे: पट्टीवर माल नीट चिकटत नाही, त्यामुळे दगड आडव्या धक्क्याला कमजोर होतो. जिथे मुलं चढतील, शिडी टेकेल किंवा वारा जोरात लागेल, तिथे दगडाला खालून खुंटी द्या, आणि खुंटी जिथून पट्टीला भोक पाडून जाते ती जागा बंद करा.

बसवणी. आधी सगळे दगड मालाशिवाय माथ्यावर मांडून पाहा. शेवटी उरणारा तुकडा फार लहान येत असेल तर तो टोकाला न घालता मध्ये कुठेतरी वाटून टाका. टोकाचा दगड मोठा आणि जड हवा. दोन टोकं ओळंब्यात आणि पाणसळीत बसवा, त्यांच्यामध्ये दोरी ताणा आणि मग मधले दगड दोरीला लावत जा. खालचा पृष्ठभाग आणि दगड ओला करून घ्या, नाहीतर दगड मालातलं पाणी शोषून घेतो आणि तो माल नुसता चुरा होतो. माल पूर्ण पसरावा. चार कोपऱ्यांवर चार गोळे ठेवून दगड दाबणं झटपट होतं, पण मध्ये पोकळी राहते आणि तिथे पाणी साठतं. रबरी हातोडीने ठोकत दगड खाली न्या. सांधा ६ ते १० मिमी. मऊ दगडावर कडक सिमेंटचा माल नको. चुन्याचा किंवा चुना मिसळलेला माल घ्या, म्हणजे ताण आला तर सांधा तुटेल, दगड नाही. बसवल्यावर काही दिवस ऊन आणि पावसापासून झाकून ठेवा.

थर स्पष्ट दिसणारा गाळाचा दगड असेल तर ते थर कसे बसतात ते पाहा. भिंतीच्या पोटात दगड त्याच्या नैसर्गिक आडव्या थरांवरच ठेवतात. माथ्यावर, जिथे वरून दाबून धरणारं काही नसतं, तिथे आडवे थर पापुद्र्यासारखे सुटतात. म्हणून जुने पाथरवट कोपिंगसाठी थर उभे आणि भिंतीच्या दर्शनी बाजूला काटकोनात ठेवत. पातळ लादीत हे जमत नाही. तिथे थर न दिसणारा घट्ट दगड निवडावा.

लांब भिंतीवर उष्णतेचाही हिशेब लागतो. १० मीटर ग्रॅनाइट ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिमी लांब होतो. हे ३ मिमी कुठे जायचे ते आधी ठरवलं नाही, तर भिंत आपल्या मर्जीने ठरवते. भिंतीत जिथे हालचालीचा सांधा आहे, त्याच रेषेत कोपिंगमध्येही तो ठेवा आणि लवचीक सीलंटने भरा.

उतरत्या भिंतीवर सगळे दगड खाली घसरू पाहतात. तिथे सगळ्यात खालचा दगड भिंतीत खोल गुंतवलेला, आडव्या बुडाचा हवा, म्हणजे बाकीचे त्याच्यावर रेलतात. दगडांना एकमेकांशी जोडायला धातूचे आकडे वापरायचे असतील तर ते स्टेनलेस स्टीलचे. साधं लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कित्येक पट वाढतं आणि दगड आतून फुटतो. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या मूळ कारागिरांनी लोखंडी आकडे वापरले, पण ते शिशात बुडवून. विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या भागात झालेल्या दुरुस्तीत उघडं लोखंड घातलं गेलं. ते गंजलं, संगमरवर तडकला आणि पुढच्या पिढीला ते काढून टायटॅनियम बसवावं लागलं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांना जे ठाऊक होतं ते मधेच विसरलं गेलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

## गडग्याचा माथा

माल न वापरता नुसते दगड रचून केलेल्या भिंतीत, म्हणजे गडग्यात, माथ्यावरचे दगड पाणी अडवत नाहीत. पाणी फटींतून खाली निघूनच जातं, आणि म्हणून तर ही भिंत टिकते. इथे काम वजनाचं आहे. गडगा म्हणजे खरंतर आत कललेल्या दोन भिंती आणि मध्ये चिपांचा भराव. वरचे दगड त्या दोन्ही भिंतींवर एकाच वेळी बसले तरच त्या एकमेकींना धरून राहतात.

तळाची रुंदी माथ्याच्या साधारण दुप्पट ठेवतात. माथ्यावर पूर्ण रुंदीचे दगड निवडा आणि ते पुस्तकं फळीवर उभी लावतो तसे काठावर उभे लावा. दोन्ही टोकांना सगळ्यात मोठे, स्वतःच्या बळावर उभे राहणारे दगड, मध्ये दोरी, आणि दगड एकमेकांना घट्ट चिकटवत पुढे. शेवटी फटींत चिपा ठोकून पाचर मारा. मग एकेका दगडाला हात लावून हलवून पाहा. एक जरी हलला तर त्याच्या शेजारचे चार महिन्याभरात सैल होतील. माथा मजबूत दिसावा म्हणून वर सिमेंटची पट्टी ओतण्याचा मोह टाळा. खालची भिंत थोडी बसली की पट्टी अधांतरी राहते आणि खालच्या दगडांवरचं वजनच निघून जातं. या कोरड्या रचाईची कला युनेस्कोने २०१८ मध्ये आठ युरोपीय देशांच्या नावे अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

## जुनी शिरशिळा वाचताना

दोन, तीन किंवा अधिक उभे दगड आणि त्यांवर एक आडवी शिळा, अशा रचनेला डॉल्मेन म्हणतात. आयर्लंड, वेल्स, फ्रान्स, स्पेन, कोरिया, दक्षिण भारत अशा एकमेकांपासून फार दूरच्या प्रदेशांत त्या सापडतात. काळही वेगवेगळे आहेत, तेव्हा दिसण्यातल्या सारखेपणावरून नातं जोडायची घाई करू नये. केरळात तर घडीव पायांवर छत्रीसारखी ठेवलेली घुमटाकार शिळा दिसते. तिला टोपीकल्लू म्हणतात, म्हणजे अक्षरशः टोपीचा दगड.

अशा जागी गेल्यावर पहिला नियम हात न लावण्याचा. शिळेवर चढू नका, कोरीव खुणा दिसाव्यात म्हणून खडू फिरवू नका, खाली उकरून पाहू नका. बहुतेक देशांत परवान्याशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, माती एकदा उकरली की तिच्यातली माहिती कायमची जाते.

नंतर ठरवा, ही शिळा ठेवलेली आहे की आपोआप तशी राहिलेली. हिमनद्यांनी आणून सोडलेले किंवा भोवतालची माती वाहून गेल्यावर उरलेले दगड कधी कधी हुबेहूब डॉल्मेनसारखे दिसतात. मी पाहतो ते असं: आधाराचे दगड खरोखर उभे करून जमिनीत गाडलेले आहेत का? शिळा आणि आधार यांच्यामध्ये पाचरीचे लहान दगड आहेत का? शिळेचा खडक आसपासच्या खडकासारखाच आहे की दुसऱ्या ठिकाणचा? आणि खाली बंदिस्त जागा तयार होते का? यातल्या एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

मग मापं घ्या. लांबी, रुंदी, आणि जाडी निदान पाच-सहा ठिकाणी. वजन काढताना लोक हमखास फसतात. वेल्समधल्या पेंत्र इव्हानची शिरशिळा सुमारे ५ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि ०.९ मीटर जाड आहे. या तिन्हींचा गुणाकार करून घनमीटरला २.७ टन लावले तर २९ टन येतात. पण तिचं वजन साधारण १६ टन सांगितलं जातं. कारण उघड आहे: शिळा ठोकळा नाही, ती टोकांकडे निमुळती होते, आणि आपण तिन्ही मापं सगळ्यात मोठी घेतलेली असतात. ठोकळ्याच्या आकड्याला ०.५ ते ०.७ ने गुणलं तर उत्तर शहाणपणाच्या जवळ येतं. सगळ्या बाजूंनी फोटो घेऊन संगणकावर त्रिमितीय प्रतिमा तयार करता आली तर उत्तमच. मात्र प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशा हवी.

शिळेचं पोट नक्की पाहा. बरेच जण वरून फोटो काढून निघून जातात. अनेक ठिकाणी वरची बाजू ओबडधोबड ठेवलेली आणि पोट मात्र सपाट असतं, कारण आतून दिसणारी बाजू तीच. वर वाटीसारखे लहान खड्डे असतील तर त्यांची नोंद करा, पण ते माणसाने केले की पावसाने, हे सांगताना जपून. कडेला छिद्रांची रांग, अर्ध्या नळीसारख्या सरळ खाचा दिसल्या तर त्या तुलनेने अलीकडच्या दगडफोडीच्या आहेत. कुणीतरी शिळा फोडून न्यायला सुरुवात करून मध्येच सोडली आहे.

पाण्याचा विचार त्या कारागिरांनीही केला होता. न्यूग्रेंजच्या वाटेवरच्या छताच्या शिळांच्या पाठीवर पाणी बाजूला नेणाऱ्या खाचा कोरलेल्या आहेत आणि फटींत जळकी माती व समुद्राची वाळू भरलेली आहे. १९६२ ते १९७५ या काळात मायकल ओ’केली यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा मधल्या खोलीचं छत पाच हजार वर्षांनंतरही कोरडं होतं. माझ्या पहिल्या भिंतीत जी खाच राहिली, तिचीच ही चुलत आजी म्हणायला हरकत नाही.

काळ ठरवताना शिळेकडे पाहून उपयोग नाही. दगडाचं वय काढलं तर खडक कधी तयार झाला ते कळतं, तो कधी उचलला ते नाही. उत्तर खालच्या मातीत असतं: हाडं, कोळसा, भांड्यांचे तुकडे. आयर्लंडच्याच पूलनाब्रोन डॉल्मेनमध्ये १९८५ साली एका उभ्या दगडाला तडा गेल्याचं दिसलं. दुरुस्तीच्या निमित्ताने १९८६ आणि १९८८ मध्ये ॲन लिंच यांनी उत्खनन केलं आणि ३० हून अधिक माणसांचे अवशेष मिळाले. ती दफनं इ.स.पू. ३८०० ते ३२०० अशा मोठ्या काळात पसरलेली आहेत. शिवाय त्यानंतर कितीतरी शतकांनी, ताम्रपाषाण युग मागे पडून कांस्ययुग आल्यावर, तिथे एक नवजात बाळ पुरलं गेलं. नुसत्या बाळाच्या हाडांवरून कुणी डॉल्मेनचा काळ ठरवला असता तर दोन हजार वर्षांच्या आसपासची चूक झाली असती. म्हणून नोंदीत ‘बांधला कधी’ आणि ‘वापरला कधी’ हे दोन रकाने वेगळे ठेवा.

एवढी शिळा वर नेली कशी, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. फ्रान्समधल्या बूगाँ इथे १९७९ मध्ये झाँ-पिएर मोहेन यांनी ३२ टनांचा काँक्रीटचा ठोकळा लाकडी ओंडक्यांवरून हलवून पाहिला. सुमारे २०० माणसं लागली, बहुतेक ओढायला आणि थोडी पहारीसारख्या लांब तरफा धरायला. स्पेनमधल्या मेंगा डॉल्मेनची सगळ्यात मोठी छतशिळा सुमारे १५० टन भरते. तिथे खाण बांधकामापेक्षा उंचावर होती, म्हणून शिळा उतारावरून आणता आल्या. जागा पाहताना नुसत्या शिळेभोवती फिरू नका. त्याच जातीचा खडक जवळ कुठे उघडा आहे आणि तो वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे नकाशावर टिपून घ्या. ‘कसं उचललं’ याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

## टोकाचा दगड

पिरॅमिडियनबद्दल दंतकथाच जास्त, म्हणून मोजकंच. इजिप्तमधल्या गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा ‘कॅपस्टोन चोरीला गेला’ असं म्हणतात. त्याची मूळ उंची सुमारे १४६.६ मीटर होती, आज ती १३८.५ च्या आसपास आहे. म्हणजे एक दगड नव्हे, माथ्याचा ८ मीटर भागच गेला आहे. खरे पिरॅमिडियन पाहायचे तर इजिप्तमध्येच दहशूरला मिळालेला तिसरा अमेनेमहात या राजाचा काळा, कोरीव दगड कैरोच्या संग्रहालयात आहे.

तपासणीची पद्धत साधी: कोन जुळवा. दहशूरच्या लाल पिरॅमिडजवळ तुकड्यांतून जुळवलेला एक पिरॅमिडियन ठेवला आहे. पण त्याच्या बाजूंचा उतार पिरॅमिडच्या उताराशी जुळत नाही, त्यामुळे तो कधी वर बसला होता का, याचीच शंका आहे. सापडला शेजारी म्हणून तो तिथलाच, असं होत नाही.

नव्या काळातलं उदाहरण वॉशिंग्टन स्मारकाचं. ६ डिसेंबर १८८४ रोजी सुमारे १,५०० किलोचा कॅपस्टोन १६९ मीटरांवर बसवला आणि त्यावर जेमतेम पावणेतीन किलोंपेक्षा थोडं जास्त वजनाचं ॲल्युमिनियमचं टोक लावलं, विजेसाठी. पुढच्याच वर्षी वीज पडून माथ्याजवळचा एक दगड तडकलाच, आणि जास्तीच्या सळया लावाव्या लागल्या. उंच माथ्यावर दगड बसवणार असाल तर वीजरोधकाचा आराखडा दगडाच्या आराखड्याबरोबरच करून घ्या.

## सैल झालेला किंवा पडलेला दगड

भिंतीवरचं कोपिंग वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी पाहावं. थापीच्या लाकडी मुठीने दगडावर ठोका. पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटलाय. सांध्यात रोप उगवलं असेल तर ते नुसतं उपटू नका, मुळासकट काढा आणि सांधा निदान २० ते २५ मिमी खोल खरवडून पुन्हा भरा. फटीवरून सिमेंटचा हात फिरवणं म्हणजे पाणी आत कोंडणं.

पुरातन शिळेचं तसं नाही. तिथे आपलं काम फक्त नोंद करून संबंधित खात्याला कळवणं. आणि नोंद करताना एक शक्यता डोळ्यांसमोर ठेवावी: आपण पाहतोय ती रचना आधीच कुणीतरी पुन्हा उभी केलेली असू शकते. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधला लॅनियन क्वाइट (डॉल्मेनला तिथे क्वाइट म्हणतात) १८१५ च्या वादळात पडला. १८२४ मध्ये तो पुन्हा उभा केला तो तीनच दगडांवर आणि आधीपेक्षा बुटका. पूर्वी म्हणे घोडेस्वार त्याच्याखालून जात असे. त्याच प्रदेशातला कार्विनन क्वाइट एकोणिसाव्या शतकात पडला आणि उभा केला गेला, १९६० च्या दशकात पुन्हा पडला आणि २०१४ मध्ये परत उभा राहिला. म्हणून मापं घेण्याआधी जुनी चित्रं आणि छायाचित्रं शोधा, आणि आजचा फोटो शक्यतो त्याच कोनातून घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की उभ्या दगडांची संख्या, शिळेचा कल आणि जमिनीपासूनची उंची एवढं तरी पडताळून पाहता येतं.